अन्नप्रक्रिया उद्योगातील मागोवाक्षमता व संगणक प्रणाली : ‘ग्रेपनेट’च्या अनुभवातून लघुउद्योगांसाठी बोध

१. प्रस्तावना

अन्नपदार्थातील दोष बहुधा माल कारखान्याबाहेर गेल्यानंतर, आणि पुष्कळदा तो खाल्ला गेल्यानंतर, उघडकीस येतो. यंत्राचा सुटा भाग सदोष निघाला तर तो बदलून देता येतो. अन्नाच्या बाबतीत ती सोय नसते. अशा वेळी उत्पादकापुढे दोन प्रश्न उभे राहतात. सदोष पाकिटात कोणकोणता कच्चा माल होता आणि तो कोणाकडून आला होता, हा पहिला प्रश्न. तोच कच्चा माल आणखी कोणत्या पाकिटांत गेला आणि ती पाकिटे आज कोणाकडे आहेत, हा दुसरा प्रश्न. या दोन प्रश्नांची उत्तरे नोंदींच्या आधारे व अल्पावधीत देण्याच्या क्षमतेस ‘ट्रेसेबिलिटी’ असे म्हटले जाते. प्रस्तुत लेखात त्यासाठी ‘मागोवाक्षमता’ हा शब्द वापरला आहे.

ही क्षमता प्राप्त करून देणाऱ्या संगणक प्रणाली आज बाजारात सहज उपलब्ध आहेत. त्या घेतल्या म्हणजे कायद्याची पूर्तता झाली व अन्न सुरक्षित झाले, असा समज उद्योजकांत आणि काही प्रमाणात अभ्यासकांतही आढळतो. महाराष्ट्रातील द्राक्षनिर्यातीसाठी उभारलेल्या ‘ग्रेपनेट’ या प्रणालीच्या अनुभवावरून हा समज तपासून पाहणे आणि भाईंदर परिसरातील लघुउद्योगांसारख्या लहान उत्पादकांना त्यातून काय घेता येईल हे मांडणे, हा या लेखाचा हेतू आहे.

२. संकल्पना व कायदेशीर चौकट

कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानक आयोगाने २००६ मध्ये स्वीकारलेल्या तत्त्वांनुसार, उत्पादन, प्रक्रिया व वितरण यांच्या ठरावीक टप्प्यांमधून होणारा अन्नाचा प्रवास अनुसरता येण्याची क्षमता म्हणजे मागोवाक्षमता होय. युरोपीय संघाने २००२ च्या अन्नविषयक मूलभूत नियमावलीत ती बंधनकारक केली व १ जानेवारी २००५ पासून ती तरतूद लागू झाली. ‘एक पाऊल मागे, एक पाऊल पुढे’ हे तिचे सूत्र आहे. प्रत्येक व्यावसायिकाला आपण माल कोणाकडून घेतला व कोणाला दिला एवढे सांगता आले पाहिजे. साखळीतील प्रत्येकाने हे केले, तर एक-एक दुवा जोडत शेतापर्यंत पोहोचता येते.

भारतात अन्न सुरक्षा आणि मानके अधिनियम, २००६ मधील दोन कलमे या दृष्टीने महत्त्वाची आहेत. आपला माल कायद्याशी सुसंगत नाही असे मानण्यास कारण असेल, तर तो बाजारातून तात्काळ परत घेण्याची व सक्षम प्राधिकाऱ्यास कळविण्याची जबाबदारी कलम २८ नुसार व्यावसायिकावर आहे. कलम २७ उत्पादक, वितरक व विक्रेता यांचे दायित्व ठरविते. ज्या मालाचा उत्पादक किंवा पुरवठादार आपल्याला ओळखून सांगता येत नाही, त्या मालाबद्दल वितरक व विक्रेता स्वतः दायी ठरतात. याचा व्यावहारिक अर्थ गंभीर आहे. दोष कोणाचाही असो, ज्याच्याकडे नोंद नाही त्याच्यापाशी येऊन माग थांबतो आणि दायित्वही तेथेच थांबते. अन्न परत मागविण्याच्या कार्यपद्धतीविषयी २०१७ मध्ये स्वतंत्र विनियम करण्यात आले. त्यांत पुरवठादार, ग्राहक, लॉट क्रमांक, उत्पादन व पाठवणीचे दिनांक अशा वितरण-नोंदी ठेवण्याची अपेक्षा आहे.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. पाकिटावरील नेहमीचा बारकोड हा वस्तूचा प्रकार सांगतो, बॅच सांगत नाही. जानेवारीत व जूनमध्ये भरलेल्या त्याच मसाल्याच्या दोन पाकिटांवर तोच बारकोड असतो. माग काढण्यासाठी उपयोगी पडतो तो स्वतंत्रपणे छापलेला बॅच क्रमांक. दुकानात अनेकदा तो वाचताही येत नाही इतका पुसट असतो.

३. ग्रेपनेट : पार्श्वभूमी व कार्यपद्धती

नाशिक, सांगली, पुणे व सोलापूर हे जिल्हे द्राक्षांसाठी प्रसिद्ध आहेत. १९९१ मध्ये ‘महाग्रेप्स’ या सहकारी उपक्रमाची स्थापना झाल्यानंतर येथील द्राक्षे संघटितपणे युरोपात जाऊ लागली. २००३ मध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा अधिक आढळल्याने युरोपात धोक्याची सूचना प्रसृत झाली. त्यावेळी अडचण केवळ अंशांची नव्हती. कंटेनरमध्ये अनेक बागांची फळे असत. कोणत्या बागेच्या फळात दोष होता हे सांगता येत नसल्याने संशय सर्वांवरच आला.

यावर उपाय म्हणून ‘अपेडा’ या केंद्रीय निर्यात विकास प्राधिकरणाने प्रथम अंश-संनियंत्रण योजना आखली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही इंटरनेटवर आधारित प्रणाली सुरू केली. पुण्याजवळील मांजरी येथील राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातील प्रयोगशाळेकडे राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळेची भूमिका देण्यात आली. शेतकरी, कृषी खाते, प्रयोगशाळा, पॅकहाउस, निर्यातदार आणि प्रमाणपत्र देणाऱ्या यंत्रणा प्रथमच एका प्रणालीवर आल्या.

कार्यपद्धती थोडक्यात अशी आहे. निर्यातीसाठी द्राक्षे देऊ इच्छिणारा बागाईतदार आपला प्लॉट कृषी खात्याकडे नोंदवितो आणि त्या प्लॉटला स्वतंत्र क्रमांक मिळतो. काढणीपूर्वी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा प्रतिनिधी त्या प्लॉटमधून नमुना घेतो. तपासणीचा निष्कर्ष थेट प्रणालीत भरला जातो. अंश मर्यादेबाहेर असल्यास अंतर्गत इशारा निघतो व त्या प्लॉटचा माल पुढे सरकू शकत नाही. निष्कर्ष समाधानकारक असल्यास माल पॅकहाउसमध्ये जातो आणि पुढील प्रमाणपत्रे त्याच क्रमांकाशी जोडून दिली जातात. परिणामी युरोपातील गोदामात उभ्या असलेल्या पेटीवरून नाशिक जिल्ह्यातील प्लॉटपर्यंत पोहोचता येते. पुढे डाळिंब, शेंगदाणे, सेंद्रिय उत्पादने इत्यादींसाठी याच धर्तीवर प्रणाली उभारण्यात आल्या.

४. २०१० चा प्रसंग

ग्रेपनेट सुरू होऊन चार हंगाम झाले असताना, २०१० मध्ये, युरोपात भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वॉट क्लोराइड या वाढनियंत्रकाचे अंश आढळले. ‘लिहोसिन’ या नावाने शेतकऱ्यांना परिचित असलेले हे द्रव्य वेलीची शाकीय वाढ रोखून घडनिर्मितीस चालना देण्यासाठी वापरले जात असे. युरोपीय संघाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम इतकी अत्यल्प होती. कंटेनर अडले, भाव कोसळले आणि निर्यातदार व बागाईतदार यांचे मोठे नुकसान झाले.

प्रणाली त्यावेळी बंद नव्हती, नोंदीही होत्या. परंतु ज्या रसायनांसाठी नमुने तपासले जात होते त्या यादीत क्लोरमेक्वॉट नव्हते. प्रत्येक पेटीवरून बाग सापडत होती, मात्र त्या बागेत हे द्रव्य वापरले आहे काय, हा प्रश्न कोणत्याही टप्प्यावर विचारला गेला नव्हता. त्यामुळे ज्यांनी ते वापरले नव्हते त्यांच्याकडेही तसे दाखविणारा पुरावा नव्हता. पुढे हे द्रव्य तपासणीच्या यादीत समाविष्ट करण्यात आले.

या प्रसंगावरून ग्रेपनेट अपयशी ठरले असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. २००३ मध्ये नसलेली एक गोष्ट २०१० मध्ये होती, ती म्हणजे दुरुस्ती नेमकी कोठे करावयाची याचे ज्ञान. तथापि, माग काढणारी प्रणाली आणि धोका ओळखणारी प्रणाली या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे यातून स्पष्ट होते. संगणक विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देतो. काय तपासावे हे ठरविण्यासाठी धोक्याचे विश्लेषण स्वतंत्रपणे करावे लागते व ते दरवर्षी नव्याने करावे लागते.

५. शेतमाल आणि प्रक्रिया केलेला माल

द्राक्षाचा घड बागेतून पेटीत जाईपर्यंत घडच राहतो. प्रक्रिया उद्योगात मालाची ओळख पुसली जाते. मिरची दळली की ती कोणत्या पोत्यातील होती हे तिच्याकडे पाहून सांगता येत नाही. म्हणूनच प्रक्रिया उद्योगातील माग काढणे अधिक कठीण आहे.

फेब्रुवारी २००५ मधील ब्रिटनचे उदाहरण येथे उद्बोधक ठरते. भारतातून आयात झालेल्या मिरची पुडीत ‘सुदान-१’ हा खाद्यपदार्थांत निषिद्ध असलेला औद्योगिक रंग होता. ती पूड वुस्टर सॉसमध्ये वापरली गेली, आणि तो सॉस स्वतःच इतर शेकडो तयार पदार्थांचा घटक होता. परिणामी चारशेहून अधिक उत्पादने बाजारातून काढून घ्यावी लागली. २०२४ च्या एप्रिलमध्ये हाँगकाँग व सिंगापूर येथील यंत्रणांनी काही भारतीय मसाला-मिश्रणांत इथिलीन ऑक्साइड आढळल्याचे जाहीर केले. असे द्रव्य मिश्रणातील कोणत्या घटकाबरोबर आले, हा प्रश्न अशा प्रसंगी प्रथम उपस्थित होतो आणि तो घटकवार नोंदींशिवाय सुटत नाही.

मागोवा प्रणालीचा गाभा समजण्यासाठी वंशावळीची उपमा उपयुक्त आहे. प्रत्येक पोते, प्रत्येक घाणा व प्रत्येक खोके यांस एक क्रमांक असतो. एखादा घाणा कोणत्या पोत्यांपासून ‘जन्मला’ आणि त्यापासून कोणती खोकी ‘जन्मली’ एवढाच संबंध प्रणाली नोंदविते. खोक्यावरून पोत्याकडे जाणे म्हणजे पूर्वज शोधणे. पोत्यावरून सर्व खोक्यांकडे जाणे म्हणजे वंशज शोधणे. संगणकाचे खरे साहाय्य दुसऱ्या प्रकारच्या शोधात होते. कागदी नोंदवहीतून पूर्वज सापडतात, वंशज मात्र सर्व पाने उलटल्याशिवाय सापडत नाहीत.

६. काल्पनिक उदाहरणाद्वारे विवेचन

भाईंदरमधील एखाद्या औद्योगिक गाळ्यात चालणाऱ्या मसाला कारखान्याची कल्पना करावी. तेथे दररोज २०० किलोचे पाच घाणे, म्हणजे १,००० किलो मसाला तयार होतो. प्रत्येक घाण्यात ४० किलो, म्हणजे एक पोते, मिरची पडते. वाशीच्या बाजारातून तीन व्यापाऱ्यांकडून ब्याडगी व गुंटूर मिरची येते. महिन्यात २६ दिवस काम चालते. महिनाअखेरीस असे कळते की, त्या महिन्यात आलेल्या मिरचीपैकी एका पोत्यात भेसळ होती.

सर्व पोती एकाच कोठीत ओतली जात असतील व नोंद नसेल, तर संपूर्ण महिन्याचे २६,००० किलो उत्पादन संशयास्पद ठरते. १०० ग्रॅमच्या पाकिटांत मोजल्यास ती २,६०,००० पाकिटे होतात. पोत्यावर क्रमांक असेल आणि ते पोते दोन घाण्यांत वापरले गेल्याची नोंद असेल, तर संशय ४०० किलोंपुरता म्हणजे ४,००० पाकिटांपुरता मर्यादित राहतो. मसाला तोच, भेसळही तीच. परत मागवावयाचा माल मात्र दीड टक्क्यावर येतो.

परंतु या उदाहरणात एक बाब अध्याहृत आहे. आदल्या दिवशी उरलेला पाच किलो मसाला दुसऱ्या दिवशीच्या पहिल्या घाण्यात मिसळण्याची प्रथा असेल, तर काय होईल? सोमवारचा अंश मंगळवारात, मंगळवारचा बुधवारात असा पुढे जात राहतो. घाण्यांचे क्रमांक वेगळे असले तरी त्यांच्यातील सीमा उरत नाही. अद्ययावत सॉफ्टवेअरही येथे प्रामाणिकपणे हेच सांगेल की, त्या दिवसापासूनचे सर्व घाणे एकमेकांशी संबंधित आहेत. उपाय संगणकात नसून कारखान्याच्या फरशीवर आहे. ठरावीक दिवसांनी यंत्र पूर्ण रिकामे करून स्वच्छ करणे व उरलेला माल पुढे न नेणे, अशी ‘तोड’ जाणीवपूर्वक ठेवावी लागते. परत मागवावयाच्या मालाची व्याप्ती या निर्णयावर ठरते, आणि तो निर्णय पर्यवेक्षक व कामगार यांच्या हातात असतो.

अमेरिकेतील २००६ च्या पालक प्रकरणातही हेच दिसते. ई. कोलाय जंतूंमुळे सुमारे दोनशे व्यक्ती आजारी पडल्या व किमान तिघांचा मृत्यू झाला. प्रारंभी देशभरातील नागरिकांना पिशवीबंद ताजा पालक न खाण्याचा सल्ला द्यावा लागला. नंतर रुग्णांकडे सापडलेल्या पिशव्यांवरील उत्पादन-संकेतांकावरून तपास कॅलिफोर्नियातील एका शेतापर्यंत पोहोचला. मधल्या काळात दोषी नसलेल्या पालक उत्पादकांचीही विक्री थांबली.

७. कार्यक्षमतेच्या दृष्टीने लाभ

परत मागविण्याचा प्रसंग क्वचित येतो; म्हणून केवळ त्यासाठी खर्च करण्यास लहान उद्योजक तयार होत नाही. त्याच नोंदींचे दैनंदिन उपयोग त्याच्या निदर्शनास आणून दिले पाहिजेत.

पहिला उपयोग वजनाच्या ताळेबंदाचा. १,००० किलो कच्चा माल आत गेला व ९७० किलो तयार माल निघाला, तर ३० किलो घट झाली. ही घट रोज साधारण तेवढीच राहत असेल तर ती प्रक्रियेची घट समजावी. एके दिवशी ती ८० किलो झाली तर चोरी, सांडलवंड किंवा ओला माल यांपैकी काही घडले असावे. ती शून्यावर आली तर नोंद खोटी असण्याची शक्यता विचारात घ्यावी. दुसरा उपयोग पुरवठादारांच्या तुलनेचा. कोणाच्या मिरचीतून किती पूड निघते हे लॉटनिहाय कळले की, किलोमागे स्वस्त पडणारा माल प्रत्यक्षात महाग आहे काय, हे समजते. तिसरा उपयोग साठ्याचा. ज्याची मुदत आधी संपते तो माल आधी बाहेर काढण्याची शिस्त लॉट क्रमांकाशिवाय पाळता येत नाही.

८. उत्तनची मासळी : भाईंदर पश्चिमेतील एक संदर्भ

भाईंदर पश्चिमेकडील उत्तन व लगतच्या कोळीवाड्यांत मासेमारी हा जुना व्यवसाय असून तेथील सुके बोंबील प्रसिद्ध आहेत. एकाच परिसरात मागोवाक्षमतेची दोन टोके येथे दिसतात. युरोपात जाणाऱ्या मासळीस १ जानेवारी २०१० पासून ‘कॅच सर्टिफिकेट’ आवश्यक झाले आहे. त्यात मासळी पकडणाऱ्या नौकेचा तपशील द्यावा लागतो व भारतात ते प्रमाणित करण्याचे काम सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाकडे आहे. याउलट देशांतर्गत बाजारासाठी सुकविलेली मासळी मरोळसारख्या घाऊक बाजारांत बहुतांशी सुट्या स्वरूपात विकली जाते. अनेक कुटुंबांचा माल एकत्र होतो व कोणत्याही पोत्यावर क्रमांक नसतो.

याचा तोटा केवळ ग्राहकाला होत नाही. स्वच्छ जागी, बांबूंवर उंच टांगून बोंबील सुकविणाऱ्या स्त्रीचा माल आणि जमिनीवर पसरून सुकविलेला माल बाजारात एकाच ढिगात जातो व एकाच भावाने विकला जातो. सुक्या मासळीबद्दल एखादी तक्रार आली, तर तिची झळ दोघींना सारखीच बसते. चांगल्या उत्पादकाला आपले वेगळेपण सिद्ध करण्याचे साधन म्हणजे नोंद होय. त्यासाठी प्रारंभी सॉफ्टवेअरचीही गरज नाही. पोत्याला बांधलेली चिठ्ठी, तीवर सुकविण्याचा दिनांक व कुटुंबाचा क्रमांक, आणि मच्छीमार संस्थेकडील एक वही एवढ्यावर आरंभ होऊ शकतो.

९. मर्यादा

मोठ्या कंपन्यांचे दाखले लघुउद्योगांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत. वॉलमार्टने ब्लॉकचेनच्या प्रयोगात कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग, ज्यास पूर्वी जवळजवळ सात दिवस लागले होते, तो २.२ सेकंदांत काढून दाखविला. तथापि, त्या वेगामागे साखळीतील प्रत्येक घटकाने आधी केलेली नोंद होती. भरलेली नोंद नंतर बदलता येत नाही, हे अशा तंत्राचे वैशिष्ट्य. मुळात चुकीची नोंद भरली गेली तर ती चूकही तशीच टिकून राहते.

लघुउद्योगांत नोंद करणारा कामगार आणि घाणा टाकणारा कामगार बहुधा एकच असतो. हाताला मसाला लागलेला असताना त्याने संगणकावर दहा रकाने भरावेत ही अपेक्षा अवास्तव आहे. मग संध्याकाळी आठवून नोंदी भरल्या जातात व त्या पाहण्यास सुबक परंतु माग काढण्यास निरुपयोगी ठरतात. मराठी व हिंदीतील पडदा, मोजकेच रकाने आणि पोत्यावर चिकटविलेला क्रमांक स्कॅन करण्याची सोय या गोष्टी प्रणाली निवडताना किमतीपेक्षाही अधिक महत्त्वाच्या मानल्या पाहिजेत.

१०. निष्कर्ष व सूचना

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. मागोवा प्रणाली अन्न सुरक्षित करीत नाही. ती संशयाची व्याप्ती लहान करते आणि त्यामुळे दोष नसलेल्यांचे रक्षण करते. ती व्याप्ती किती लहान होईल हे कारखान्यातील माल वेगळा ठेवण्याच्या शिस्तीवर अवलंबून असते. तसेच, ज्या धोक्याचा विचारच झालेला नाही त्याबाबत प्रणाली मौन राहते, हे २०१० च्या द्राक्ष हंगामाने दाखविले आहे.

लघुउद्योगांनी प्रथम क्रमांक, नंतर वही आणि शेवटी सॉफ्टवेअर हा क्रम ठेवावा. वर्षातून दोनदा बाजारातील एक पाकीट उचलून त्याचे पूर्वज व वंशज किती वेळात सापडतात याची चाचणी घ्यावी. या कामी महाविद्यालयांनाही भूमिका बजावता येईल. वाणिज्य, रसायनशास्त्र व संगणकशास्त्र या विभागांतील विद्यार्थ्यांनी परिसरातील एखाद्या कारखान्यात अशी चाचणी प्रकल्प म्हणून संयुक्तपणे घ्यावी. ताळेबंद वाणिज्याच्या विद्यार्थ्याने मांडावा, काय तपासावे हे रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्याने सांगावे आणि घाण्यांची वंशावळ संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्याने रचावी. कारखानदाराला त्यातून आपल्या नोंदींतील पहिला तुटलेला दुवा समजेल, आणि सुधारणेस तेथूनच सुरुवात करता येईल.